दुधाची वही

कायदा आधीपासून होता म्हणे, कपाटात.
मुंबईला आपलं सरकार बसलं
आणि कुणीतरी किल्ली फिरवली.
मग रहाटखात्याच्या मागची
रुईची खोली झाडून घेतली,
बारा झोळ्या टांगल्या,
भिंतीला चुना दिला
आणि मला बसवलं,
कारण चौथीपर्यंतचं वाचता येत होतं
आणि सांभाळायला घरी माझं कुणी उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आयांना सांगितलं,
अफूची गोळी द्यायची नाही.
त्या हसल्या.
नखाएवढी तर असते, झुंबरबाई.

मला माहीत आहे केवढी असते.
भोंग्याच्या आधी, दिवा न लावता
मीच ती नखावर मोजायचे.
एकदा मोजमाप चुकलं.

दूध बाळ्याहून यायचं, नऊच्या सुमारास.
पावशेर एका लेकराला.
वहीत रकाने आखून दिलेले:
तारीख, नाव, दूध, शेरा.
शेऱ्याचा रकाना रिकामा बरा दिसेना.
म्हणून लिहायचे.
हुसेनबीची रशीदा, पावशेर, अर्धं ओकली.
संगव्वाचा धाकटा, पावशेर, झोळीतून हसला.

कायदा म्हणायचा,
नऊ महिने सलग काम केलेल्या बाईला
बाळंतपणात रोजचे आठ आणे.
नऊ महिने.
पोटाचे नऊ कुणाला चुकवता येत नाहीत.
हजेरीचे येतात.
आठवा सरला की नायकीण पंधरा दिवस नाव गाळायची.
बाई रहाटावर असायचीच,
पगार दुसऱ्याच नावावर निघायचा,
त्यातला रुपया नायकिणीच्या कनवटीला,
आणि पुन्हा पहिला महिना.
पाच्छा पेठेतल्या बाया म्हणायच्या,
हत्तीणसुद्धा इतके दिवस घेत नाही.

पोशव्वा यमूल सुताला गाठी मारायची,
दर पगाराला एक.
तपासणीच्या बाई आल्या तेव्हा तिनं
कमरेचा दोरा सोडून टेबलावर ठेवला.
मोजा.
बाईंनी मोजला. खरंच मोजला, दोनदा.
मग म्हणाल्या, हा पुरावा धरता येत नाही.
हजेरीत जुलैचे पंधरा दिवस तुम्ही नाही.
पोशव्वा एरवी मराठीत भांडायची,
त्या दिवशी तेलुगूत गप्प झाली.

मी दारात, कडेवर तिचाच यंकटी.
नायकीण माझ्याच बोळातली,
रोज एका नळावर आमच्या घागरी.
वहीपर्यंत पाच पावलं होती.
ती मला फार लांब वाटली, खोटं कशाला सांगू.

जुलैचं पान.
यंकटी, पावशेर.
यंकटी, पावशेर.
यंकटी, दूध टाकलं, दात येतोय.
यंकटी, पावशेर, आई जेवणाच्या सुट्टीत भरवून गेली.
बाईंनी एवढंच विचारलं,
आई गिरणीत नव्हती, तर मूल इथं कसं?
हेडजॉबर वर पंख्याकडे बघत राहिला.
त्या खोलीत पंखा नव्हता.

अठ्ठावीस दिवसांचे चौदा रुपये.
पोशव्वानं ते गाठी मोजाव्या तसे मोजले,
अंगठ्याखालून एकेक सरकवत.
डिंक आणला, खारीक आणली,
उरले किती ते नवऱ्याला सांगितलं नाही.
नळावर माझी घागर मागे सरकू लागली.

पुढच्या भरतीला गिरणीनं
केस पिकलेल्या बायाच घेतल्या.
कायदा त्यांनाही वाचता येत होता,
आमच्याहून बरा.
बारातल्या सात झोळ्या नुसत्या लोंबायच्या.

जुनी वही साहेबांनी मागवून घेतली.
नवी आली, तिच्यात शेऱ्याचा रकाना नाही.
मी पेन्सिलीनं आखला.
आणि प्रत्येक पानाची पहिली ओळ
मी कुणाच्या नावावर घालत नाही.
तिथं तारीख असते,
आणि पावशेर.